गोमुख अभ्यास ट्रेक (८ दिवस) – दगडफूल आणि भोजपत्रावरून बर्फ कधी हटला ते काढायला शिकले

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

खरं तर हा रिव्ह्यू मी २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच लिहायला घेतला होता, सप्टेंबरच्या शेवटी आम्ही जाऊन आलो आणि लगेच अर्धा लिहूनही झाला होता, मग राहून गेला, आणि नंतर ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावात अचानक पूर येऊन जे झालं त्यानंतर कितीतरी दिवस फाईल उघडायचं मनच झालं नाही. जाताना धरालीत चहाला थांबलो होतो आम्ही. एका काकूंनी सफरचंदं दिली होती आणि पैसे घ्यायला तयार नव्हत्या. त्या कुठे आहेत, कशा आहेत मला माहीत नाही. पण ट्रेकची चौकशी करणाऱ्या मैत्रिणी सारख्या विचारतात म्हणून आता लिहून टाकते.

मी गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, पहिल्यांदा गेले ती १९९८ च्या मे महिन्यात, बाबांबरोबर. तेव्हा चारधामला जोडून लोक जायचे तसेच आम्ही गेलो होतो, ना ट्रेकिंगचे बूट ना काही, कॅनव्हासचे बूट आणि आईने विणलेले स्वेटर. तिथला एक फोटो आहे माझ्याकडे, बाबा एका मोठ्या दगडाला टेकून उभे, मागे बर्फाचं तोंड, डावीकडे खडकाचा एक काळपट कडा आणि वर भागीरथीची शिखरं. फोटोच्या मागे बाबांच्या अक्षरात "गोमुख, २४ मे १९९८" असं लिहिलंय, ते प्रत्येक फोटोमागे लिहायचे. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली आणि मला एकदा त्याच जागी जाऊन उभं राहायचं होतं, एवढंच माझं कारण. हिमनदीचा अभ्यास वगैरे माझ्या डोक्यातही नव्हता, मी बँकेत नोकरी करते, बॉटनीशी संबंध बारावीला सुटला. या ग्रुपचे पैसे (माणशी २६ हजार, ऋषिकेश ते ऋषिकेश) बाकीच्यांपेक्षा जास्त होते, पण तारखा जमत होत्या आणि बरोबर बॉटनीचे एक रिटायर्ड प्राध्यापक असणार असं लिहिलं होतं, म्हणून घेतला. ते सरच या ट्रेकची खरी किंमत आहेत असं आता सांगते. तुम्ही बुक करणार असाल तर ते येणार आहेत का हे आधी विचारा, ते नसतील तर हा ट्रेक आणि बाकीचे सारखेच.

पहिल्या मुक्कामाला, उत्तरकाशीला, जेवण झाल्यावर सरांनी एक लांबट डबा उघडला. आत लाकडाच्या पट्ट्यांच्या खोबणीत चिकटवलेल्या बारीक बारीक कांड्या होत्या, पेन्सिलपेक्षा बारीक, साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, वरून पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. देवदाराच्या. झाड न पाडता त्याच्या बुंध्यात एक पोकळ ड्रिल हाताने फिरवत न्यायचं आणि आतून ही कांडी ओढून काढायची, झाड तसंच उभं राहतं. प्रत्येकाच्या हातात भिंग दिलं आणि मोजा म्हणाले. फिकट पट्टा आणि गडद पट्टा मिळून एक वर्ष. मी १४० पर्यंत मोजलं आणि चुकले, परत पहिल्यापासून मोजलं. काही वर्षं इतकी बारीक की भिंगातूनही दोन रेघांमधली फट दिसेना, म्हणजे त्या वर्षी झाडाला काहीतरी कमी पडलं, पाणी किंवा ऊब. आणि जी वर्षं वाईट ती त्या भागातल्या सगळ्याच झाडांना वाईट, त्यामुळे एका झाडाचा जाड-बारीक नमुना दुसऱ्या झाडाशी जुळवता येतो, मेलेल्या झाडाचा जिवंत झाडाशी, जुन्या घराच्या तुळईचासुद्धा जंगलातल्या झाडाशी, आणि असं सांधत सांधत हिमालयातल्या देवदाराची हजार वर्षांहून लांब साखळी तयार झालीय. नुसती वलयं मोजून भागत नाही, कारण एखाद्या फारच वाईट वर्षी झाड एका बाजूला वलय धरतच नाही, ही जुळवाजुळव केली तरच वर्ष पक्कं होतं.

हे काम लखनऊच्या बीरबल साहनी संस्थेत चालतं हे सरांनी सांगितलं आणि मग म्हणाले, पुणेकर कोण आहेत इथे? आम्ही सहा जण होतो. म्हणे तुमच्या पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामानवाल्या संस्थेत, झाडांच्या वलयांवर कितीतरी वर्षं काम झालंय, एच. पी. बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या सागवानाची ५२३ वर्षांची नोंद लावून त्यातून जुने दुष्काळ आणि एल निनोची वर्षं शोधली, २०१० साली ते छापून आलं. मी त्या गेटवरून किती वेळा गेले असेन, आत सागाच्या चकत्यांमध्ये पाचशे वर्षांचे पावसाळे वाचतायत हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरातला दरवाजा सागवानी आहे, आल्या आल्या मी त्याची कड बघितली.

दुसऱ्या दिवशी हर्षिल, तिसऱ्या दिवशी गंगोत्री, हे सगळे करतात तसंच. गंगोत्रीत हॉटेल ठीकठाक, गरम पाणी बादलीने. मंदिराबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला गोरखा सेनापती अमरसिंग थापांनी बांधलेलं हे मंदिर, म्हणजे वय माहीत असलेला दगड, मग याच्यावर उगवलेलं दगडफूल किती वर्षांत किती वाढतं ते मोजता येईल ना असं आमच्यातल्या एका मुलाने विचारलं. सर म्हणाले छान प्रश्न आहे, पण हा दगड सतत धुतला पुसला जातो, रंगवला जातो, त्याच्यावर काही टिकत नाही. या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही, दोन दिवसांनी कळलं.

चौथ्या दिवशी चालायला सुरुवात. परमिट रोज १५० लोकांनाच मिळतं, ते यांनी आधीच काढून ठेवलं होतं, त्यात अजिबात धावपळ झाली नाही याचे पूर्ण मार्क. फॉरेस्टच्या चेकपोस्टवर प्लॅस्टिकच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे सगळं मोजून डिपॉझिट घेतात आणि परत येताना तेवढं दाखवायला लागतं, हे चांगलंच आहे, पण पुडे घरीच काढून डब्यात भरून न्या म्हणजे वेळ जात नाही. गंगोत्री ते चिरबासा ९ किलोमीटर, तिथे तंबूत रात्र, दुसऱ्या दिवशी भोजबासा ५ किलोमीटर. बाकीचे ग्रुप एका दिवसात १४ किलोमीटर चालवून थेट भोजबासाला नेतात आणि मग अर्धी माणसं डोकं धरून बसतात, यांनी मध्ये थांबवलं ते फार बरं केलं.

चिरबासाला पाइनची झाडं, आणि भोजबासाला भोज, म्हणजे ज्याच्या सालीला आपण भोजपत्र म्हणतो तो हिमालयातला बर्च. नावच भोजबासा, पण आज तिथे पोचल्यावर भोजाचं वन कुठाय असं शोधावं लागतं, यात्रेकरूंच्या, धाब्यांच्या चुलींसाठी वर्षानुवर्षं तोडून तोडून संपवलं. हर्षवंती बिष्ट या गिर्यारोहक बाईंनी १९८९ पासून 'सेव्ह गंगोत्री'चं काम हातात घेतलं आणि नंतर भोजबासाला भोजाची हजारो रोपं लावली, त्यातली जगलेली झाडं कुंपणात उभी आहेत. २०२१ मध्ये त्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आमच्या गाईड भैयाने त्यांचं नाव ज्या आदराने घेतलं ना, तसं आपल्याकडे गावातल्या जुन्या मास्तरांचं घेतात.

आता मुख्य विषय. हिमनदी पुढे येते तेव्हा समोरचे दगडधोंडे ढकलत आणते आणि मागे सरकते तेव्हा ती रास तिथेच टाकून जाते, त्याला मोरेन म्हणतात, शाळेच्या भूगोलात हिमोढ होतं तेच. भोजबासाच्या आजूबाजूला अशा राशीच राशी आहेत. शेवटच्या थंड काळात, म्हणजे साधारण दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी, हिमनदी जिथवर पुढे आली त्या टप्प्याला अभ्यासकांनी भोजबासाचंच नाव दिलंय. प्रश्न असा की ही रास कधी पडली हे कळणार कसं, तिथे तेव्हा लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. तर लिहून ठेवलंय झाडांनी आणि दगडफुलांनी.

झाडाचं आधी सांगते. उघड्या पडलेल्या मोरेनवर जे सगळ्यात म्हातारं झाड असेल त्याचं वय काढायचं, ती रास निदान तेवढी जुनी. पण बर्फ हटला आणि दुसऱ्या दिवशी बी रुजलं असं होत नाही, आधी नुसते दगड, मग एपिलोबियमसारखी छोटी गुलाबी फुलांची झाडं, झुडपं, मग सी-बकथॉर्न जे हवेतला नायट्रोजन मातीत आणतं, आणि मग कुठे मोठी झाडं. ही मधली वर्षं धरायला लागतात, ती ठिकाणाप्रमाणे बदलतात. शिवाय कांडी काढतात ती जमिनीपासून थोडी वर, रोपाला तेवढ्या उंचीला यायला लागलेली वर्षं पण मिळवायची. डोनाल्ड लॉरेन्स म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५० च्या सुमाराला अलास्कात हे असं रीतसर बसवलं. आणि उलटंही होतं, बर्फ पुढे येताना कडेच्या झाडाला धक्का देतो, झाड मरत नाही पण तिरकं होतं आणि त्या वर्षापासून त्याची वलयं एका बाजूला जाड व्हायला लागतात, त्यावरून धक्क्याचं वर्ष कळतं. कॅनडात अथाबास्का हिमनदीजवळ असं एक झाड सापडलं, १७१४ मध्ये तिरकं झालेलं. मला हे ऐकून अंगावर काटा आला, आपल्याकडे शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवे नेमून जेमतेम वर्ष झालं होतं आणि तिकडे ते झाड बर्फाने ढकललं आणि त्याने ते धरून ठेवलं.

इथे मी लगेच एका वाकड्या भोजाकडे बोट दाखवलं, बुंधा खाली वाकून मग वर सरळ गेलेला. सर म्हणाले, नाही हो ताई, हे हिमनदीचं नाही, उतारावर साचलेलं हिवाळ्यातलं बर्फ हळूहळू खाली सरकतं आणि कोवळ्या रोपाला वाकवतं, इथला जवळपास प्रत्येक भोज असाच असतो. म्हणजे दिसलं वाकडं की लाव अर्थ असं चालत नाही. शिवाय भोजाची वलयं देवदारासारखी ठळक नसतात, फार घासून, मायक्रोस्कोपखाली धरून मोजावी लागतात. तिथे आम्ही एकाही झाडाला ड्रिल लावलं नाही, नॅशनल पार्क आहे, परवानगीशिवाय काडीसुद्धा उचलायची नाही हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून तर घरून कांड्यांचा डबा आणला होता. एकाने वाळलेली भोजाची साल खिशात टाकली तर सरांनी शांतपणे परत ठेवायला लावली. मला हे फार आवडलं.

आणि दगडफूल. आपण गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे लायकेन, पुस्तकात शैवाक म्हणतात, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मी दरवर्षी दिवाळीआधी मसाला करते, दगडफूल निवडताना त्यातल्या काड्या काढत बसते, आणि त्या वस्तूचा कधी असा विचार केला नव्हता. मसाल्यातलं पापुद्र्यासारखं सुटं असतं, मोरेनवरचं मात्र दगडाला रंगासारखं चिकटलेलं, नखाने निघत नाही, पिवळट हिरवं, मध्ये काळ्या भेगा, भोवती काळी कड, अगदी नकाशावर देशांच्या सीमा काढल्यासारखं, म्हणून त्याचं शास्त्रीय नावच रायझोकार्पन जिओग्राफिकम. हे इतकं हळू वाढतं की वर्षाला मिलिमीटरच्या आतबाहेर, थंड कोरड्या जागी त्याहूनही कमी, आणि शेकडो वर्षं जगतं. रोलांड बेशेल नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलं की दगडावरच्या सगळ्यात मोठ्या ठिपक्याचा व्यास मोजा म्हणजे तो दगड कधीपासून उघड्यावर आहे हे काढता येईल. पण वाढीचा वेग कुठून आणायचा? तर त्याने कबरी मोजल्या. कबरीच्या दगडावर तारीख कोरलेली असते, त्यावरचा ठिपका किती मोठा झालाय ते बघायचं, अशा पन्नास शंभर दगडांवरून त्या भागाचा वेग ठरतो, मग तो मोरेनला लावायचा.

भोजबासाच्या वर एका जुन्या मोरेनवर आम्ही सकाळचे तीन तास मोजत होतो आणि ते तीन तास या सगळ्या सहलीत मला सगळ्यात जास्त आवडले. नियम कडक होते. गोल हवा, एकटा हवा, दोन ठिपके वाढत वाढत एक झालेले नकोत कारण ते खोटं मोठं माप देतात, दगड स्थिर हवा, वरून घरंगळून आलेला नको कारण तो येतानाच दगडफूल घेऊन आलेला असू शकतो, आणि एकाच ठिपक्यावर भरवसा नको, सगळ्यात मोठ्या पाचांची सरासरी घ्यायची. उन्हात पाठ भाजत होती आणि सावलीत बोटं गारठत होती, समोर शिवलिंग शिखर, आणि सोळा माणसं दगडांना नाक लावून बसलेली. माझ्या दगडावरचा सगळ्यात मोठा ३८ मिलिमीटर भरला. मी विचारलं, मग किती वर्षं? सर म्हणाले, सांगणार नाही. इथल्या वाढीचा खात्रीचा वेग माझ्याजवळ नाही, दुसरीकडचा वेग लावून आकडा दिला तर तुम्ही घरी जाऊन तो सगळ्यांना सांगाल. काही जण नाराज झाले. मला उलट त्यांच्याबद्दलचा विश्वास तिथे बसला.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, की या पद्धतीवर टीकाही भरपूर आहे, २०१५ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न केला की याला विज्ञान म्हणायचं का, कारण दगडफुलाची जात ओळखण्यात चुका होतात, जास्त दिवस बर्फाखाली राहिलं तर दगडफूल मरून परत पहिल्यापासून सुरू होतं, ओलावा, ऊन, दगडाचा प्रकार सगळ्याने वेग बदलतो. तरी आपल्याकडे त्यावर काम झालंय, केदारनाथच्या वरच्या चोराबारी हिमनदीच्या मोरेनवरच्या दगडफुलांवरून तिची माघार साधारण २५८ वर्षांपूर्वी सुरू झाली असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कारखान्यांचा धूर वाढायच्या आधीपासून? असं एका काकांनी जरा विजयी आवाजात विचारलं. सरांनी नीट उत्तर दिलं, थंड काळ संपताना माघार सुरू होणं वेगळं आणि ती न थांबता चालू राहणं, वेग घेणं वेगळं, पहिल्याची कारणं निसर्गात सापडतात, दुसऱ्याला आपण जबाबदार आहोत, आणि हा फरक कळावा म्हणूनच तर जुन्या तारखा लागतात. काका गप्प बसले नाहीत, पण ऐकून घेतलं.

इथेच मला गंगोत्रीच्या मंदिराचा प्रश्न आठवला. तारीख माहीत असलेला दगड. हिमालयात अशा उंचीवर तो मिळतच नाही, ना कबरी ना जुने पूल. मी तंबूत जाऊन बाबांचा फोटो आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता. सरांनी आधी पुढची बाजू बघितली, मग मागची, आणि बराच वेळ मागचीच बघत राहिले. म्हणाले, तुमच्या वडिलांनी तारीख लिहून फार मोठं काम केलंय.

सहावा दिवस गोमुख. भोजबासाहून ४ किलोमीटर. आता मुखाच्या अगदी जवळ जाऊ देत नाहीत, बर्फाचे कडे कोसळतात, बऱ्याच अलीकडे थांबवतात, आणि ते ऐकाच. पण माझी जागा त्याच्याही अलीकडे होती. तो मोठा दगड काही सापडला नाही, पाण्याने हलला असेल, नाहीतर आम्हालाच ओळखू आला नसेल. म्हणून सरांनी फोटोतला काळपट कडा आणि मागची शिखरं जुळवायला सुरुवात केली, चार पावलं डावीकडे, दहा मागे, फोटो डोळ्यासमोर धरून, आणि एका क्षणी सगळं एकावर एक बसलं. कडा बसला, शिखरं बसली, फक्त मागे जिथे बर्फ होता तिथे नुसता राखाडी धोंड्यांचा पसारा आणि नदी. आताचं मुख पार वर, वळणाच्या आत. १९३५ मध्ये जे. बी. ऑडन यांनी जिऑलॉजिकल सर्व्हेसाठी मुखाचा नकाशा केला तेव्हापासूनच्या मोजणीत शतक संपेपर्यंत सरासरी वर्षाला २० मीटरच्या आसपास माघार निघते असं सरांनी वाटेत सांगितलं होतं, तो आकडा ऐकताना काही वाटलं नव्हतं. तिथे उभं राहिल्यावर वाटलं. मी खूप रडले, ग्रुपमधल्या एका मुलीने हात धरून ठेवला होता, तिचे आभार.

मग आम्ही तिथले दगड तपासले. फोटोत जिथे बर्फ आहे त्या बाजूचे, जे १९९८ नंतरच उघडे पडले असणार, आणि त्यातले नदीपासून लांब, जड, न हललेले. भिंगाने, आठ-दहा जणांनी मिळून. पिवळ्या दगडफुलाचा एकही ठिपका नाही. थोडी मातकट शेवाळ फटीत, एपिलोबियमची दोन-तीन रोपं, बस. मला वाटलं हाती काही लागलं नाही. सर मात्र खुश. म्हणाले, हेच तर हवं होतं, बर्फ गेल्यावर दगडफूल डोळ्यांना दिसायला किती वर्षं लागतात हा हिशेबातला सगळ्यात अडलेला भाग, आणि या एका जागेपुरतं आपल्याला कळलं की पंचवीस वर्षांनीही ते दिसत नाहीये. एका जागेवरून नियम होत नाही हेही लगेच म्हणाले. त्यांनी जीपीएसचं रीडिंग घेतलं, वहीत तारीख लिहिली, पुढे "दगडफूल नाही" असं लिहिलं, आणि माझा त्याच जागेवर फोटो काढला.

त्या रात्री भोजबासाला तंबूत त्यांनी कॅनडाच्या बॅफिन बेटाची गोष्ट सांगितली. तिथल्या पठारांवरच्या बर्फाच्या टोप्या वितळतायत आणि खालून मॉस (जमिनीवर गादीसारखी वाढणारी बारीक वनस्पती) बाहेर पडतंय, जागच्या जागी, जसं बर्फाने झाकलं तसंच. गिफर्ड मिलर आणि सहकाऱ्यांनी त्याचं कार्बन डेटिंग केलं, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढलं, काही ठिकाणचं मॉस निदान ४४ हजार वर्षं उजेडात आलेलं नव्हतं असं २०१३ मध्ये त्यांनी मांडलं, म्हणजे इतक्या काळात तिथे आजच्याइतकी ऊब कधीच झाली नव्हती. स्लीपिंग बॅगमध्ये शिरूनही मला बराच वेळ झोप लागली नाही.

आता तक्रारी, मनापासून सांगते कारण ट्रेक चांगला आहे आणि अजून चांगला व्हावा. सोळा जणांत कॅलिपर (ठिपक्याचा व्यास मोजायचं साधन) दोनच, भिंगं सहा, बाकीचे वाट बघत बसतात आणि थंडीत वाट बघणं सोपं नाही. माहितीपुस्तिका सगळी इंग्रजीत, झेरॉक्स इतकी पुसट की दगडफुलाच्या फोटोत नुसता काळा डाग दिसतो, सर बोलतात इतकं सुंदर मराठी-हिंदी, मग लिहिलेलं का नसावं. गोमुखला आम्हाला फक्त दीड तास मिळाला, एक दिवस वाढवून भोजबासाला तिसरी रात्र द्या, पैसे जास्त घ्या पण द्या. सातव्या दिवशी १४ किलोमीटर उतरून आठव्या दिवशी गंगोत्री ते ऋषिकेश एका दमात गाडी, ते हाल आहेत, आमच्यातल्या दोघांना गाडीत उलट्या झाल्या, उत्तरकाशीला रात्र हवीच. आणि एका तंबूची चेन बिघडलेली होती, ती पहिल्या रात्री सांगूनही शेवटपर्यंत तशीच.

जेवण मात्र उत्तम, चिरबासाला गरम खिचडी आणि तूप, भोजबासाला राजमा. स्वयंपाकाचे भैया पहाटे चार वाजता उठून सगळ्यांच्या बाटल्या गरम पाण्याने भरून द्यायचे. साठीच्या पुढच्यांनी जायचं का असं विचाराल तर दम असेल तर जरूर जा, वाट कठीण नाही पण ४००० मीटरच्या आसपास हवा विरळ असते, डॉक्टरांना विचारून जा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा बघा, पाऊस संपलेला असतो, भोजाची पानं पिवळी होतात आणि दगड कोरडे असल्यामुळे मोजायला बरं पडतं. धराली-हर्षिलकडचा रस्ता आता कसा आहे याची चौकशी करूनच तारीख ठरवा.

ऑफिसवाल्यांना एक विनंती, सरांनी त्या दिवशी घेतलेलं जीपीएसचं रीडिंग आणि माझा फोटो मेल करतो म्हणाला होतात, तो अजून आलेला नाही. तेवढा पाठवा. मला दोन्ही फोटो एकाच अल्बममध्ये लावायचेत, आणि मागे तारीख लिहायचीय.